धंदा न केलेल्या शिक्षिकेने उद्योजकता शिकवावी का?

पत्राचा सारांश: बडोद्यातील एका महाविद्यालयात अनेक वर्षे हिशेबशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचे हे पत्र आहे. या सत्रापासून पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा ‘उद्योजकता विकास’ हा विषय त्यांच्याकडे सोपवण्यात आला. त्यांच्या घरी तीन पिढ्या नोकरीच्या आहेत: आजोबा संस्थानच्या कचेरीत होते, वडील रेल्वेत होते आणि यजमान बँकेत आहेत. वर्गातली निम्म्याहून अधिक मुले मात्र व्यापारी घरांतली आहेत. पहिल्याच आठवड्यात एका मुलाने विचारले, “मॅडम, तुम्ही स्वतः कधी काही विकलंय का?” आणि सगळा वर्ग हसला. व्यवस्थापनाला सत्राच्या अखेरीस निदान दहा ‘स्टार्टअप’ नोंदणीसह कागदावर हवे आहेत. त्यातच एका मराठी विद्यार्थ्याचे वडील भेटायला आले आणि हात जोडून म्हणाले, “मुलाच्या डोक्यात हे खूळ भरू नका. तो आता कॅम्पस मुलाखतींना बसायचं नाही म्हणतोय.” हा विषय आपल्याकडून काढून घ्यावा असा अर्ज त्यांनी लिहून ठेवला आहे, पण अद्याप दिलेला नाही. आपण मुलांची दिशाभूल तर करत नाही ना, असे त्या विचारतात.

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना एक गोष्ट मला प्रथम जाणवली. विषय कठीण आहे किंवा वेळ पुरत नाही, अशी तक्रार त्यात कोठेही नाही. तुम्हाला चिंता आहे ती मुलांच्या भल्याची आणि आपल्या सचोटीची. ज्या शिक्षिकेला ही चिंता वाटते तिने हा विषय सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ज्या स्वरूपात तो तुमच्या हाती दिला आहे, त्या स्वरूपात तो चालवूही नये. तेव्हा अर्ज द्यायचा की नाही यापेक्षा, या विषयात आपण मुलांना नक्की कशाचे वचन देतो आहोत, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

त्या मुलाच्या प्रश्नापासून सुरुवात करते. त्याच्या प्रश्नामागे आणि तुमच्या संकोचामागेही एकच समजूत आहे: ज्याने धंदा केला त्यानेच तो शिकवावा. ही समजूत अर्धी खरी आहे. गिऱ्हाईक तोंडावर नाही म्हणते तेव्हा काय वाटते, महिनाअखेरीस पगार द्यायचे असतात आणि येणे अडकलेले असते तेव्हा झोप कशी उडते, हे अनुभवाशिवाय सांगता येत नाही, आणि तुम्ही ते सांगण्याचा आव आणू नये. पण वीस वर्षे दुकान चालवलेल्या माणसाला आपण घेतलेले निर्णय सुटे करून, त्यांची कारणे दाखवून दुसऱ्याला समजावता येतातच असे नाही. पुष्कळांना ते येत नाही. ते काम शिक्षकाचे आहे. पुढच्या तासाला त्या मुलाला सरळ सांगा, “मी विकलेलं नाही. म्हणून या वर्गात विक्री तुम्ही करणार आहात आणि तिचा हिशेब मी तपासणार आहे.” हिशेब तुम्हाला येतो, आणि या वयाच्या मुलांना, व्यापारी घरातल्यांनाही, नेमका तोच येत नाही.

दुसरी समजूत तुम्ही गुजराती आणि मराठी माणसांबद्दल एकाच वाक्यात लिहून गेला आहात: “धंदा त्यांच्या रक्तात आहे, आपल्या नाही.” बडोद्यात राहून असे म्हणणे मला फार खटकते. आपल्या शहराचा इतिहास याच्या उलट आहे. सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन काढले ते कारागिरी आणि उद्योगाचे शिक्षण, तेही मुलांना समजणाऱ्या भाषेत, देता येते या विश्वासाने. कलाभवनाची उभारणी करणारे रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर आणि त्यांच्या हाताखाली शिकलेले कोटीभास्कर व भाईलाल अमीन या तिघांनी 1907 मध्ये अलेम्बिक ही रसायने व औषधे बनवणारी कंपनी सुरू केली. एक प्राध्यापक, एक मराठी विद्यार्थी आणि एक गुजराती विद्यार्थी. त्यांना जोडले ते प्रयोगशाळेने. लक्ष्मणराव किर्लोस्करही मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकवत होते. ती नोकरी सोडून ते बेळगावला सायकलींच्या धंद्यात उतरले आणि पुढे लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी नांगर घेईनात, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. वर्गात हे सांगाल तेव्हा त्या दोन वर्षांवर थांबा. मुले यशाच्या गोष्टी पुष्कळ ऐकतात. माल तयार आहे आणि कोणी घेत नाही, या काळात माणूस काय करतो ते त्यांना कोणी सांगत नाही.

रक्ताच्या या समजुतीची आपल्या देशात पद्धतशीर परीक्षाही झालेली आहे. 1964 साली हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी आंध्रातील काकीनाडा येथील छोट्या व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत शिक्षण दिले. प्रशिक्षण घेतलेली माणसे पुढे धंदा वाढवण्यासाठी अधिक हालचाल करताना दिसली, आणि जात किंवा पारंपरिक श्रद्धा त्यांच्या आड आल्याचे दिसले नाही. त्यानंतर 1970 च्या सुमारास खुद्द गुजरातमध्ये औद्योगिक महामंडळांनी पहिल्या पिढीच्या उद्योजकांसाठी वर्ग सुरू केले, आणि त्याच प्रवाहातून 1983 मध्ये अहमदाबादला भारतीय उद्यमिता विकास संस्था उभी राहिली. ज्या प्रांताला आपण जन्मजात व्यापारी समजतो, त्या प्रांतालाच हा विषय शिकवण्याची गरज वाटली. पालकांशी बोलताना याचा तुम्हाला उपयोग होईल.

आता शिकवायचे काय? माझे उत्तर एवढेच आहे की सत्रभरात प्रत्येक गटाने काहीतरी खरे विकावे, खऱ्या अनोळखी माणसाला विकावे आणि त्याचा खरा हिशेब मांडावा. प्रकल्प अहवाल, रंगीत सादरीकरणे, पाच वर्षांच्या उलाढालीचे अंदाज यांना माझ्या मते पहिल्या सत्रात जागाच नसावी, कारण अंदाजाच्या आकड्याला कोणी नाही म्हणत नाही.

विकण्याआधी विचारायला शिकवा, आणि त्यावर घाई न करता वेळ द्या. मुले घरी किंवा मैत्रिणींना विचारतात, “आम्ही असं असं करणार आहोत, तू घेशील का?” समोरची व्यक्ती “छान आहे, नक्की घेईन” म्हणते आणि मुलांना वाटते की बाजार सापडला. त्या उत्तराची किंमत शून्य असते, कारण ते सौजन्य असते. त्याऐवजी मागे प्रत्यक्ष काय घडले ते विचारायचे: मागच्या वेळी ही वस्तू कोठून घेतली, किती दिले, काय पसंत पडले नाही, मग काय केले? ज्या अडचणीवर माणसाने आजवर एक रुपया किंवा एक तासही खर्च केलेला नाही, ती अडचण त्याला फारशी बोचत नाही, असे धरून चालावे. रावपुरा किंवा दांडिया बाजारात दुपारी गर्दी ओसरते तेव्हा जोडी-जोडीने मुलांना पाठवा. त्यांनी दुकानदारांशी बोलावे, आणि ऐकलेले शब्द जसेच्या तसे, स्वतःचा अर्थ न लावता, वहीत लिहून आणावेत. ही वही गुणांसाठी तपासा. ओळखीच्या माणसाची मुलाखत धरायची नाही, एवढा एक नियम कडक ठेवा.

मग विक्री. तुमचे सत्र नवरात्राच्या आधी सुरू होते, ही बडोद्यात मोठी सोय आहे. समजा, चार मुलींच्या एका गटाने गरब्यासाठी कवड्या-आरशांचे कमरपट्टे करायचे ठरवले. वीस पट्ट्यांच्या कापडाला, कवड्यांना आणि गोंड्यांना 1500 रुपये लागले. दोरा आणि डिंक 140, मांडवीच्या बाजारात दोनदा जाण्याचे रिक्षाभाडे 160, पिशव्या 100. एकूण 1900 रुपये. दर ठेवला 150. आता मुली म्हणतील, “मॅडम, पंचाहत्तरचा माल दीडशेला गेला, निम्मा नफा!” इथून तुमचे काम सुरू होते. वीसपैकी दोन पट्टे शिकताना बिघडले. दोन मामेबहिणींनी मागून नेले. बारा विकले गेले, म्हणजे विक्री 1800 रुपयांची. त्यातल्या तिघींनी “गरबा झाल्यावर देते” म्हटले, तेव्हा हातात आलेली रोकड 1350 आणि येणे 450. चार पट्टे शिल्लक, आणि दसरा उलटल्यावर त्यांना पुढच्या वर्षापर्यंत गिऱ्हाईक नाही. चौघींनी घालवलेल्या सहा संध्याकाळींचा तर कोठे उल्लेखही नाही. जिथे निम्मा नफा दिसत होता तिथे उधारी वसूल झाली तरी शंभर रुपयांचा तोटा आहे, आणि आज खिशात साडेपाचशे रुपये कमी आहेत. नफा आणि रोकड वेगळी असते, शिल्लक मालाला मुदत असते, आणि आपल्या श्रमाचे मोल आपणच धरले नाही तर दुसरे कोणी धरत नाही, या गोष्टी तुम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर सांगत आला आहात. त्या साडेपाचशे रुपयांमुळे त्या मुलींना त्या समजतील.

याच तासाला तो विचारणारा मुलगा कामाचा ठरेल. व्यापारी घरातल्या मुलांना उधारी कोणाला द्यायची, वसुली दुखावल्याशिवाय कशी करायची, हे कानावरून गेलेले असते, पण त्यांनी ते कधी शब्दांत मांडलेले नसते. त्याला सांगा, घरी जाऊन वडिलांनी गेल्या महिन्यात कोणाला उधार नाकारले आणि का, हे नाव न घेता विचारून ये. वडिलांकडून आलेली चार वाक्ये वर्गाला पुस्तकाच्या एका प्रकरणापेक्षा अधिक देतील, आणि हसणारा वर्ग तुमच्या बाजूला येईल.

भांडवलाची मर्यादा आधीच ठरवून द्या. व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधिका सरस सरस्वती यांनी 27 मुरलेल्या उद्योजकांच्या विचारपद्धतीचा अभ्यास केला. किती मिळेल याचे भाकीत करण्यापेक्षा किती गेले तर आपल्याला सोसेल, यावरून ही माणसे पाऊल टाकतात, असे त्यांना आढळले. तुमच्या वर्गात प्रत्येक विद्यार्थ्याने पाचशे रुपयांपेक्षा अधिक घालायचे नाही, कर्ज काढायचे नाही, आणि ज्याच्याकडे पाचशेही नाहीत त्याने सेवा विकायची: लहान मुलांची शिकवणी, दुकानदाराच्या मालाचे फोटो काढून देणे, वृद्धांची ऑनलाइन बिले भरून देणे. खाण्याचे पदार्थ विकायचे असतील तर घरगुती पातळीवरही एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, म्हणून पहिल्या वर्षी ते टाळलेलेच बरे.

एक सावधगिरी मात्र सांगते, आणि ती तुम्ही हिशेबाच्या शिक्षिका असल्यामुळेच सांगते. हिशेब शिकवला म्हणजे उद्योजकता शिकवली असे होत नाही. आफ्रिकेतील टोगो देशात 1500 छोट्या व्यावसायिकांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. हिशेब, विपणन वगैरे रूढ प्रशिक्षण घेतलेल्यांच्या नफ्यात खात्रीने म्हणावी अशी वाढ दिसली नाही. स्वतःहून पुढाकार घेणे, अडचण येण्याआधी तिचा विचार करणे, अडथळा आला तरी दुसरी वाट शोधणे, याचे प्रशिक्षण घेतलेल्यांचा नफा सुमारे 30 टक्क्यांनी वाढला. तेव्हा वहीत प्रत्येक आठवड्याला एक ओळ अशी असू द्या की “या आठवड्यात आम्हाला कोणी न सांगता आम्ही काय केले?” ही ओळ सलग तीन आठवडे कोरी राहिली तर त्या गटाला बोलावून घ्या आणि त्यांच्याशी शांतपणे बोला.

व्यवस्थापनाच्या मागणीबद्दल मला अधिक कळकळीने लिहायचे आहे, कारण इथे मुलांचे खरे नुकसान होऊ शकते. दहा स्टार्टअप दाखवण्यासाठी दहा प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या नोंदवणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे, आणि तोच सर्वांत वाईट आहे. कंपनी नोंदवली की तीस दिवसांत लेखापरीक्षक नेमावा लागतो. एका रुपयाची विक्री झाली नाही तरी दरवर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरण कंपनी निबंधकाकडे भरावे लागते, आणि ते चुकले तर प्रत्येक विवरणामागे दिवसाला 100 रुपये जादा शुल्क चढत जाते. मुले पदवी घेऊन पुण्याला किंवा बंगळुरूला जातात, कंपनीचा विसर पडतो आणि काही वर्षांनी वडिलांच्या पत्त्यावर नोटीस येते. वीस वर्षांच्या मुलाला आपल्या सहीचा अर्थ समजावून न सांगता संचालक करणे शिक्षणसंस्थेला शोभत नाही, आणि हे प्राचार्यांना तुम्ही स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

विरोध करताना हातात पर्याय मात्र असू द्या. वर्गातल्या विक्रीला कंपनी लागत नाही. गुजरातमध्ये केवळ वस्तूंची, राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर वर्षाला 40 लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटीची नोंदणीही लागत नाही. एखाद्या गटाचे काम सत्रानंतरही खरोखर चालू राहिले तर ‘उद्यम’ ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी विनाशुल्क होते. आपल्या राज्याचे विद्यार्थी-स्टार्टअप धोरण 2017 पासून आहे. ज्या एखाद्या गटाची कल्पना खरोखर नवी असेल त्याने विद्यापीठाच्या केंद्रामार्फत त्याचा लाभ जरूर घ्यावा. महाविद्यालयाचे काम तपासायला येणाऱ्या मूल्यांकन समितीला दहा प्रमाणपत्रांऐवजी दहा गटांच्या वह्या दाखवा: इतक्या अनोळखी लोकांशी बोलले, इतकी विक्री, इतकी उधारी वसूल, इतक्या गटांनी कल्पना बदलली आणि का. हाही आकडाच आहे, आणि तो खरा आहे.

या विषयाचे यश नव्या उद्योगांच्या संख्येने मोजू नये, याला दुसराही आधार आहे. म्युनिक विद्यापीठात अशा सक्तीच्या अभ्यासक्रमाच्या आधी आणि नंतर विद्यार्थ्यांना प्रश्न विचारण्यात आले. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आपली कौशल्ये वाढली असे विद्यार्थ्यांनी सांगितले, पण उद्योग काढण्याचा सरासरी कल किंचित घटला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील एका अभ्यासातही कल घटलेलाच दिसला. काहींना हे अभ्यासक्रमाचे अपयश वाटते. मला ते तसे वाटत नाही. जो मुलगा पाचशे रुपये आणि चार महिने घालवून “हे माझ्या स्वभावाला मानवत नाही” असे समजून घेतो, त्याचे पुढचे पाच लाख आणि पाच वर्षे वाचलेली असतात, आणि वर्गात ते कळणे सगळ्यांत स्वस्त पडते. म्हणून गुण देताना नफ्याला गुण ठेवू नका. नफ्याला गुण ठेवले की मुले मामाला माल विकतात. प्रामाणिक नोंदी, अनोळखी गिऱ्हाइकांपर्यंत केलेली पायपीट आणि निर्णय बदलण्याची सांगितलेली कारणे यांना गुण ठेवा. तोट्यात गेलेल्या गटालाही वर्गात पहिला क्रमांक मिळू शकतो, हे पहिल्याच तासाला जाहीर करा.

आता ते वडील. त्यांचे शब्द तुम्हाला लागले आहेत हे समजते. पण हात जोडणाऱ्या त्या माणसाच्या जागी क्षणभर उभ्या राहा. घर एका पगारावर चालते, मुलगा पदवीधर झाला की दुसरा पगार येईल या हिशेबावर कदाचित धाकटीचे शिक्षण किंवा घराचा हप्ता बेतलेला असेल. त्यांची भीती अडाणीपणाची नाही, ती त्यांच्या परिस्थितीतून आलेली आहे. मुलाला मुलाखतींना बसू नको असे तुम्ही सांगितलेले नाही, मग तुमच्या शिक्षणाने दिशाभूल झाली असे मी म्हणणार नाही. पण मुलाने हा निर्णय कोणत्या आधारावर घेतला हे विचारणे तुमचे कर्तव्य आहे. आजवर कोणी पैसे दिले आहेत का? किती महिने घरून पैसे न घेता भागेल? पहिल्या वर्षी काहीच मिळाले नाही तर घरात कोणाचे काय अडेल? या तीन प्रश्नांची उत्तरे त्याने कागदावर लिहून आणावीत, आणि तो कागद तुम्हाला दाखवण्याआधी वडिलांना दाखवावा.

माझा अंदाज आहे की तो नोकरीसाठी मुलाखती देईल आणि आपले काम संध्याकाळी व रविवारी चालू ठेवेल. तसे झाले तर त्याने माघार घेतली असे त्याला किंवा वर्गाला वाटू देऊ नका. दोन-तीन वर्षे मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात खरेदी किंवा विक्री विभागात काढलेला मुलगा माल कोठून येतो, पैसा कोठे अडकतो आणि कोणाचा शब्द खरा असतो, हे पगार घेऊन शिकतो. आणि त्याच्याकडे आजच दहा-बारा पैसे देणारी गिऱ्हाइके असतील, घरची वर्षभराची सोय असेल, तर मुलाखतीला न बसण्याचा त्याचा निर्णयही समंजस असू शकतो; तेव्हा वडिलांना आपल्या शब्दांत ते समजावून सांगण्याची जबाबदारी तुम्ही थोडी उचलावी. दोन्ही बाबतींत ठरवणार ते घर. तुम्ही त्यांना ठरवण्याजोगी माहिती समोर ठेवायला लावायची.

पाहुणे वक्ते बोलावणार असाल तर मोठ्या नावांच्या मागे लागू नका. त्याऐवजी शहरातला एखादा असा माणूस शोधा ज्याने दुकान किंवा छोटा कारखाना काढला, तो बंद करावा लागला आणि त्याने देणी फेडली. तो यायला तयार होईल का, अशी शंका येईल. सन्मानाने बोलावले तर पुष्कळ जण येतात. बंद करायचे केव्हा ठरवले आणि कोणाचे पैसे आधी चुकते केले, एवढेच दोन प्रश्न त्याला विचारा.

अर्ज फाडू नका, बाजूला ठेवा. त्याऐवजी एका पानाचे टिपण लिहा: या सत्रात प्रत्येक गट काय विकणार, खर्चाची कमाल मर्यादा किती, गुण कशाला, आणि सत्राअखेर समितीला काय दाखवणार. कंपनी नोंदणीमुळे विद्यार्थ्यांवर येणारी वार्षिक जबाबदारी त्यात एका परिच्छेदात, शुल्कासह लिहा. हे पान घेऊन याच आठवड्यात प्राचार्यांना भेटा आणि त्यांची सही मागा. त्यांनी कंपन्यांचाच आग्रह धरला, तर मात्र तो अर्ज द्या आणि त्यात कारण हेच लिहा.